कलामहर्षी बाबूराव पेंटर

कोल्हापूर शहरात खरी कॉर्नर या भागात एक आगळे स्मारक आहे. राजांची, वीरांची आणि संतांची स्मारके आपण गावोगाव पाहतो. परंतु हे स्मारक पाहणाऱ्याला एका यंत्राची आठवण करून देते. ते यंत्र म्हणजे चित्रपटाचा कॅमेरा. सुमारे शंभर वर्षांपूर्वी या शहरातील एका चित्रकाराने परदेशी कारखान्याची वाट न पाहता तो स्वतःच्या हातांनी घडवला आणि त्याच्या साहाय्याने आपल्या मातीतील कथा जगापुढे मांडल्या. त्या चित्रकाराचे नाव बाबूराव पेंटर.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. त्यांचे मूळ आडनाव मेस्त्री. वडील कृष्णराव हे कुशल कारागीर होते. लाकूड, रंग आणि माती यांवर त्यांचा हात सारख्याच सफाईने चालत असे. लहानग्या बाबूरावांनी पाटीवरील अक्षरांपेक्षा घरातील हत्यारांशी अधिक सख्य जोडले. पटाशीने लाकूड कसे तासावे, रंग कसा घोटावा, मूर्तीच्या चेहऱ्यावर भाव कसा उतरवावा, हे त्यांनी पाहून पाहून आत्मसात केले. ते कोणत्याही कलाशाळेत गेले नाहीत. परंतु घरच हे ज्याचे विद्यालय असते, त्याच्या शिक्षणाला सुट्टी अशी कधीच नसते.

त्या काळचे कोल्हापूरही कलावंताच्या मनाला खाद्य पुरवणारे होते. राजर्षी शाहू महाराजांचे राज्य होते. मल्लांना, गवयांना, चित्रकारांना आणि नाटक मंडळ्यांना तेथे आश्रय मिळे. आबालाल रहिमान यांच्यासारखे थोर चित्रकार या नगरीत राहून पंचगंगेचा काठ आणि कोटितीर्थाचे पाणी रंगवीत. महाराजांनी १९०२ मध्ये युरोपचा प्रवास केला. रोममधील प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिले आणि परत आल्यावर कोल्हापुरात खासबागेचे विशाल कुस्तीमैदान उभारले. ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. रचना दूरदेशीची, पण त्यातील तांबडी माती मात्र इथली आणि तिच्यात घुमणारा शड्डूही इथलाच! परक्यांचे चांगले ते डोळसपणे पाहावे आणि आपल्या मातीत रुजेल असे करून घ्यावे, ही वृत्ती या नगरीच्या हवेतच होती, असे म्हणता येईल. बाबूरावांच्या आयुष्यात हीच वृत्ती आपल्याला पदोपदी दिसते.

बाबूरावांचे नात्यातील एक बंधू होते आनंदराव. तेही असेच हाडाचे कलावंत. दोघांनी मिळून नाटकांचे पडदे रंगवण्यास प्रारंभ केला. तो काळ संगीत नाटकांच्या वैभवाचा होता. राजवाडा, अरण्य, नदीचा घाट किंवा नगरातील रस्ता ही स्थळे रंगभूमीवर दाखवण्यासाठी मोठमोठे रंगीत पडदे सोडीत. सपाट कापडावर खोली दाखवणे ही काही सोपी गोष्ट नव्हे. जवळची वस्तू मोठी, दूरची लहान. जवळचा रंग गडद, दूरचा फिकट. दोन समांतर भिंती दूर जाता जाता एकमेकींकडे झुकणाऱ्या. हे सारे अचूक साधले, तरच प्रेक्षकाला कापडाचा विसर पडून राजवाडा दिसू लागतो. या दोघा बंधूंना ही विद्या इतकी साधली, की मोठमोठ्या नाटक मंडळ्या त्यांच्या पडद्यांची मागणी करू लागल्या. कोल्हापूरचेच सुप्रसिद्ध नट केशवराव भोसले यांच्या ‘ललितकलादर्श’ मंडळीचे पडदेही त्यांच्या हातचे होते. लोक त्यांना मेस्त्री म्हणेनासे झाले. ‘पेंटर’ हेच त्यांचे आडनाव होऊन बसले.

याच सुमारास एक नवलाची वस्तू हिंदुस्थानात ठिकठिकाणी दिसू लागली होती. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईतील वॉटसन हॉटेलात फ्रान्समधून आलेली हलती चित्रे प्रथम दाखवण्यात आली. पुढील काही वर्षांत मुंबईत चित्रगृहे निघाली आणि तंबू घेऊन फिरणारे खेळवाले गावोगाव जाऊ लागले. ही चित्रे बहुतेक सारी परदेशांत तयार झालेली असत. ज्यांनी आपल्या जिल्ह्याची सीमाही ओलांडली नव्हती, असे लोक पडद्यावर परक्या देशांतील रस्ते, आगगाड्या, सागरकिनारे आणि तेथील स्त्रीपुरुष पाहू लागले. ती माणसे कशी चालतात, एकमेकांना कसे भेटतात, कशाने हसतात आणि कशाने रडतात, हे डोळ्यांपुढे घडू लागले. चित्रे मुकी होती, हाच त्यांचा मोठा गुण ठरला. त्यांतील माणसांचे दुःख समजण्यासाठी त्यांची भाषा येण्याची आवश्यकता नव्हती.

अशाच एका परदेशी चित्रपटाने महाराष्ट्राच्या चित्रपटकलेचा पाया घातला, हे तुम्हांस ठाऊक असेल. दादासाहेब फाळके यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. दुसऱ्या धर्माच्या लोकांची श्रद्धा त्यांनी पडद्यावर साकार झालेली पाहिली आणि आपल्या लोकांना परमपूज्य वाटणारे राम, कृष्ण, हरिश्चंद्र असे पडद्यावर का अवतरू नयेत, या विचाराने त्यांना झपाटले. त्या ध्यासातून ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांसमोर आला. पुढे फाळक्यांनी आगकाड्यांना एकेका चित्रागणिक थोडे थोडे हलवून त्यांचा खेळ दाखवणारी एक गमतीदार फीतही तयार केली. निर्जीव वस्तूंना चालते करणारी ही कला आज जगभरच्या मुलांना प्रिय झाली आहे. आपल्याकडे तिचा आरंभ असा एका काड्यापेटीतून झाला.

‘राजा हरिश्चंद्र’ पाहून कोल्हापूरच्या या दोघा बंधूंच्या मनातही तेच बीज रुजले. आजवर त्यांनी स्थिर पडद्यावर नदी रंगवली होती. येथे तर नदी वाहत होती! परंतु चित्रपट कसा करतात, हे शिकवणारे कोणी नव्हते. परदेशी जाण्याइतके धन नव्हते. तेव्हा त्यांनी एक वेगळाच मार्ग धरला. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी चित्रपट दाखवण्याचे एक यंत्र विकत घेतले आणि लोकांना खेळ दाखवण्याचा व्यवसाय आरंभला. व्यवसाय हे निमित्त होते. खरा हेतू अभ्यासाचा होता.

प्रेक्षक एखादा चित्रपट एकदा पाहतो आणि घरी जातो. खेळ दाखवणाऱ्याला मात्र तोच चित्रपट पुनःपुन्हा पाहावा लागतो. पहिल्या खेपेस कथेची उत्सुकता असते. दुसऱ्या खेपेस लक्ष माणसांकडे जाते. त्यानंतर त्या माणसांच्या आजूबाजूचे जग दिसू लागते. घराची दारे कशी आहेत, उजेड कोणत्या बाजूने येतो, रागावलेला मनुष्य हात कसा हलवतो, जवळून दाखवलेला चेहरा आणि दुरून दाखवलेला जमाव यांचा मनावर काय परिणाम होतो, हे सारे हळूहळू उमगते. अनोळखी संस्कृतीचा परिचय असाच होतो. प्रथम तिचे नवल वाटते, मग तिच्यातील वेगळेपण कळते आणि अखेरीस तिच्यातील माणूस आपल्यासारखाच आहे, हे ध्यानात येते. घाईने पाहणारा पहिल्या पायरीवरच थांबतो. पेंटरबंधूंना घाई नव्हती.

चित्रपट दाखवण्याचे यंत्र आणि चित्रपट घेण्याचा कॅमेरा ही एकाच कुळातील भावंडे होत. दोहोंमध्ये कडेला छिद्रे असलेली लांब फीत असते. यंत्रातील आकडा त्या छिद्रांत अडकून फीत थोडी पुढे ओढतो आणि क्षणभर थांबवतो. ती थांबलेली असतानाच झडप उघडते आणि भिंगातून प्रकाश जातो. मुक्या चित्रपटांच्या काळात एका सेकंदात सुमारे सोळा वेळा हे घडत असे. एका यंत्रात प्रकाश आतून बाहेर जातो, दुसऱ्यात बाहेरून आत येतो, एवढाच काय तो भेद. म्हणून एका यंत्राचे मर्म ज्याला कळले, त्याला दुसरे घडवण्याचे स्वप्न पडणे स्वाभाविक होते.

स्वप्न पडणे सोपे, पण ते पोलादात उतरवणे कठीण! आकडा केसभर पुढेमागे झाला तर चित्र थरथरते. झडप किंचित उशिरा मिटली तर सारे अंधुक होते. आनंदराव या कामात गढून गेले होते. आणि काम अर्धेच झाले असता १९१६ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

बाबूरावांवर हा मोठाच आघात होता. बंधू गेला, सहकारी गेला आणि ज्या यंत्रावर दोघांच्या आशा एकवटल्या होत्या, ते तसेच अपुरे पडून राहिले. त्या वेळी बाबूराव अवघे पंचवीस-सव्वीस वर्षांचे होते. पडद्यांच्या कामात नाव होते, पोटाची चिंता नव्हती. त्यांनी तो नाद सोडून दिला असता, तर कोणी दोष दिला नसता. परंतु अर्धवट यंत्र हेच बंधूचे अखेरचे मागणे आहे, अशा निष्ठेने ते पुन्हा कामाला लागले. विष्णुपंत दामले या यंत्रकुशल सहकाऱ्याने त्यांना साथ दिली. सुटे भाग घडवावे, बसवावे, चुकले की पुन्हा मोडावे, असा क्रम चालला. शेवटी १९१८ मध्ये कॅमेरा सिद्ध झाला. त्याची मूठ फिरवताच फीत सरकू लागली आणि कोल्हापूरचा सूर्यप्रकाश तिच्यावर उमटला.

यानंतर ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली. तिला भांडवलाची गरज होती आणि चित्रपटाच्या या नव्या खेळात पैसा घालण्यास श्रीमंत सावकार धजत नव्हते. अशा वेळी तानीबाई कागलकर या गायिकेने द्रव्यसाहाय्य केले. एका कलावतीने दुसऱ्या कलेच्या पाळण्याची दोरी ओढली, ही गोष्ट कोल्हापूरने विसरू नये अशी आहे. बाबूरावांभोवती तरुणांचा मेळावा जमला. दामले होते, रंगांचे जाणकार शेख फत्तेलाल होते आणि पुढे व्ही. शांताराम या नावाने कीर्ती मिळवणारा एक कोल्हापूरचा तरुणही त्यात येऊन मिळाला. तेथे कोणतेही काम हलके नव्हते. नटानेही झाडलोट करावी, चित्रकारानेही यंत्र पुसावे, अशी त्या संस्थेची शिस्त होती.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्यातील आर्यन चित्रगृहात झळकला. अज्ञातवासात दासी होऊन राहिलेली द्रौपदी, तिचा छळ करणारा कीचक आणि त्याचा वध करणारा भीम यांची ही कथा. ती कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ नाटकावर आधारलेली होती. १९०७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकातील कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि द्रौपदीत पारतंत्र्यात पडलेली मातृभूमी. म्हणून इंग्रज सरकारने १९१० मध्ये त्यावर बंदी घातली होती. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दूरदेशीच्या एखाद्या पाहुण्याने तो चित्रपट पाहिला असता, तर त्याला दोन बलाढ्य पुरुषांची झुंज तेवढी दिसली असती. मराठी प्रेक्षकाला मात्र त्या झुंजीत आपल्या देशाची कहाणी दिसत होती. चित्र डोळ्यांना दिसते. परंतु त्याचा अर्थ कळण्यासाठी त्या लोकांचा इतिहास, त्यांच्या कथा आणि त्यांचे दुःख यांची ओळख करून घ्यावी लागते. परक्यांचे चित्रपट पाहताना आपणही ही जाणीव ठेवली पाहिजे.

‘सैरंध्री’मधील कीचकवधाचा प्रसंग इतका हुबेहूब वठला होता, की तो पुढे कापावा लागला. या चित्रपटात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. ‘राजा हरिश्चंद्र’मधील तारामतीचे काम एका पुरुषाने केले होते. फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये स्त्रिया पडद्यावर आल्या, तरी समाजाला ते रुचत नव्हते. बाबूरावांकडे काम करणाऱ्या गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांनाही लोकनिंदा सोसावी लागली. कमलादेवी आणि सुशीलादेवी ही नावे धारण करून त्या निष्ठेने काम करीत राहिल्या. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहिला आणि बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन गौरवले. त्याच वर्षी १ ऑगस्ट रोजी लोकमान्यांचे निधन झाले. त्यांच्या हातून मिळालेली ती शाबासकी बाबूरावांनी आयुष्यभर जपली असेल, यात शंका नाही.

पुढील दहा वर्षे बाबूरावांनी नव्या नव्या वाटा शोधण्यात घालवली. पडदे रंगवण्यात ज्यांनी नाव मिळवले, त्यांनीच चित्रपटातून रंगीत पडदा हद्दपार केला. त्याऐवजी खऱ्या भिंती, खरे खांब आणि माणसे वावरू शकतील अशी दालने त्यांनी उभारली. प्रसंग चित्रित करण्यापूर्वी ते पात्रांचे पोशाख, त्यांचे उभे राहणे आणि हालचाली यांची रेखाचित्रे काढीत. त्या काळी चित्रण सूर्यप्रकाशातच होत असे. हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीवर आधारलेल्या ‘सिंहगड’ या १९२३ मधील चित्रपटात त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला आणि रात्रीचे प्रसंग खऱ्या रात्रीसारखे भासवले. तानाजी मालुसरे यांनी रात्रीच्या अंधारात गड घेतला, हे सर्वांनी ऐकले होते. आता तो अंधारही लोकांनी डोळ्यांनी पाहिला. चित्रपटाची माहिती देणाऱ्या सचित्र पुस्तिका त्यांनी काढल्या आणि भित्तिचित्रेही स्वतः रंगवली.

‘कल्याण खजिना’ हा त्यांचा चित्रपट १९२४ मधील. कल्याणचा खजिना लुटल्यानंतर सुभेदाराची सून शिवाजी महाराजांसमोर आणली जाते आणि महाराज तिला मातेसमान मानून सन्मानाने परत पाठवतात, ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक घरात सांगितली जाते. लंडनजवळ वेम्बली येथे भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात या चित्रपटाला पदक मिळाले. ज्या देशांच्या चित्रपटांतून बाबूराव तेथील लोकांना ओळखू लागले होते, त्या दिशेनेच आता कोल्हापूरची फीत गेली होती. आजवर आपण त्यांचे घर खिडकीतून पाहत होतो. आता आपल्या घराची खिडकी उघडली होती.

परंतु या खिडकीतून काय दाखवावे, हा प्रश्न मोठा होता. आपल्याकडे त्या वेळी पुराणकथांचे चित्रपट फार निघत. चमत्कार, मायावी राक्षस आणि आकाशातून येणारी विमाने लोकांना आवडत. परदेशांतून येणाऱ्या चित्रपटांतही साहस, पाठलाग आणि मारामारी यांची रेलचेल असे. पण त्यावरून तेथील प्रत्येक मनुष्य घोड्यावर बसून पिस्तूल झाडीत फिरतो, असे आपण मानले, तर ते जितके चूक, तितकेच हिंदुस्थानात केवळ देव आणि राक्षस राहतात, असे परक्याने मानणे चूक. एखाद्या समाजाची खरी ओळख त्याच्या सामान्य माणसाच्या घरात होते. ते घर दाखवण्याचे धैर्य बाबूरावांनी १९२५ मध्ये केले.

तो चित्रपट म्हणजे ‘सावकारी पाश’. कथा नारायण हरि आपटे यांची. कर्जापायी एका शेतकऱ्याची जमीन जाते. गाव सोडून त्याला शहराची वाट धरावी लागते आणि नांगर धरणारा हात गिरणीत मजुरी करू लागतो. त्या तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. ही काल्पनिक आपत्ती नव्हती. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतील गांजलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव करून कर्जाचे कागद जाळले होते. त्यानंतर १८७९ मध्ये सरकारने कायदा केला, तरी खेड्यांतील कर्जाचा फास सुटला नव्हता. बाबूरावांनी हे दुःख भडक न करता दाखवले. अंधारात बुडालेली एक झोपडी आणि तिच्यापाशी ओरडणारा एक कुत्रा, एवढ्या एका दृश्याने त्या कुटुंबाची सारी दैना प्रकट होत असे. ज्यांनी ते दृश्य पाहिले, त्यांना ते कित्येक वर्षे विसरता आले नाही.

जाणकारांनी या चित्रपटाची वाखाणणी केली. परंतु लोकांनी त्याकडे पाठ फिरवली. दिवसभर कष्ट करून आलेल्या प्रेक्षकाला पडद्यावर पुन्हा आपलेच दुःख पाहावेसे वाटले नाही, असेच म्हणावे लागेल. बाबूरावांना पुन्हा पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांकडे वळावे लागले. आज मात्र त्यांच्या सर्व कृतींत याच चित्रपटाचे नाव अधिक आदराने घेतले जाते. काळाच्या पुढे चालणाऱ्याला काही अंतर एकट्यानेच चालावे लागते, याचे हे उदाहरण होय.

बाबूरावांना आणखी एक वियोग सोसावा लागला. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर हे त्यांच्या हाताखाली तयार झालेले सहकारी कंपनी सोडून गेले. सीताराम कुलकर्णी यांच्या साहाय्याने त्यांनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच ‘प्रभात फिल्म कंपनी’ स्थापन केली. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे दिवस भरत आले आणि बाबूरावही तिच्यापासून दूर झाले. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ हा बोलपट आला आणि मुक्या चित्रपटांचे युग संपले.

तथापि गुरूने लावलेले झाड शिष्यांच्या अंगणात बहरले. ‘प्रभात’ १९३३ मध्ये पुण्यास गेली. दामले आणि फत्तेलाल यांनी तेथे १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. पुढच्या वर्षी इटलीतील व्हेनिस येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात त्याचा गौरव झाला. देहूचा वाणी, त्याची संसाराने गांजलेली बायको, इंद्रायणीचे पाणी आणि विठ्ठलाचे नाम यांतील काहीही ज्यांना ठाऊक नव्हते, असे लोक एका मराठी संताच्या जीवनाने भारावून गेले. तुकोबांना पाहताना त्यांना मराठीचे ज्ञान नव्हते. जसे फाळक्यांना ख्रिस्ताचे जीवन पाहताना त्या फिरंगी देशाचे नव्हते. मुंबईच्या एका चित्रगृहात सुरू झालेले वर्तुळ व्हेनिसमध्ये पूर्ण झाले आणि त्या वर्तुळाचा एक मोठा भाग कोल्हापुरातून गेलेला होता.

बाबूरावांनी पुढेही ‘उषा’, ‘प्रतिभा’ यांसारखे बोलपट केले. १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ त्यांनी पुन्हा, बोलपटाच्या रूपाने, लोकांपुढे ठेवला. लोकांनी एकदा नाकारलेली गोष्ट अकरा वर्षांनी पुन्हा सांगणे, यावरून तिच्यावरील त्यांची श्रद्धा दिसून येते. उत्तरायुष्यात चित्रकला आणि शिल्पकला यांत ते रमले. कोल्हापुरातील अनेक तरुण त्यांच्यापासून कलेचे धडे घेत. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचे देहावसान झाले. लोक त्यांना आदराने ‘कलामहर्षी’ म्हणतात.

एक गोष्ट मात्र मनाला चटका लावून जाते. बाबूरावांचे मूकपट आज आपल्याला जवळजवळ पाहता येत नाहीत. त्या काळची फीत लवकर पेट घेणाऱ्या द्रव्याची असे. काही चित्रपट आगीत गेले, काही हयगयीने नाहीसे झाले. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोपर्यंत फार मोठा ठेवा हरवला होता. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या चित्रपटांचे काही तुकडे तेवढे हाती लागले. सिंहगडावरील ती रात्र आणि शेतकऱ्याची ती अंधारी झोपडी आता केवळ वर्णनांत उरली आहे. ज्या खिडकीतून जगाने आपल्याला पाहायचे, तीच आपण सांभाळली नाही.

बालमित्रांनो, आज तुम्हांला घरबसल्या जपानमधील चित्रांचे हलते खेळ, इराणमधील मुलांच्या कथा आणि कितीतरी देशांचे चित्रपट पाहावयास मिळतात. जे पाहण्यासाठी पेंटरबंधूंना जुन्या बाजारातून यंत्र आणावे लागले, ते तुमच्या पुढ्यात येऊन पडते. ते पाहताना बाबूरावांची आठवण ठेवा. एखादा चित्रपट आवडला, तर तो पुन्हा पाहा. त्यातील माणसे काय खातात, वडीलधाऱ्यांशी कशी बोलतात, कोणता सण कसा साजरा करतात, हे न्याहाळा. जे समजले नाही, ते विचारा, वाचा. आणि ते पाहून झाले, की एकदा आपल्या अंगणाकडेही तितक्याच बारकाईने पाहा. कारण कोल्हापूरच्या त्या मेस्त्रीच्या मुलाने दूरच्या लोकांकडून पाहण्याची विद्या घेतली. पण त्या विद्येने त्याने पाहिले, ते आपल्याच शेजारच्या शेतकऱ्याचे घर.